विषय: गरम पाणी बंद, सल्ला हवा आहे

लीड्सहून (इंग्लंड), शनिवार सकाळ

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार,

आज पहाटेपासून आमच्या घरातील गरम पाणी पूर्णपणे बंद झाले आहे. नळ पाच मिनिटे सोडून ठेवला तरी पाणी गारच येते आणि खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटरही तापलेले नाहीत. नळाचे पाणी आणि रेडिएटर दोन्ही तापवणारा आमचा गॅसचा कॉम्बी बॉयलर आठ वर्षांचा असून प्रेशर १.३ बार दाखवतो. गॅसची शेगडी नेहमीप्रमाणे पेटते. रीसेटचे बटण चार वेळा दाबून पाहिले. प्रत्येक वेळी बॉयलर सुरू व्हायला बघतो, चूळ भरल्यासारखा गुळगुळ आवाज करतो आणि बंद पडतो. इंजिनिअर मंगळवारपूर्वी येऊ शकत नाहीत. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई पातेल्यात पाणी तापवत "आमचा बंब बरा होता" असे म्हणत आहेत आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. कोणी मार्ग सुचवेल काय?

ब्रॅडफर्डहून, त्याच दिवशी

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे ती गुळगुळ. रेडिएटर गरम राहून केवळ नळाचे पाणी गार आले असते, तर मी डायव्हर्टर व्हॉल्व्हवर (बॉयलरची उष्णता नळाकडे की रेडिएटरकडे वळवायची ते ठरवणाऱ्या झडपेवर) संशय घेतला असता आणि मंगळवारची वाट पाहा असे सांगितले असते. परंतु दोन्ही बंद, प्रेशर आणि गॅस ठीक, आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली, हे सर्व एकत्र पाहता बाहेरची कंडेन्सेट नळी गोठली असावी. आजचे बॉयलर धुरातील वाफेचीही उष्णता काढून घेतात. त्या वाफेचे पाणी होते, ते तासाला दोनेक लिटरपर्यंत भरते आणि प्लास्टिकच्या नळीतून थेंबाथेंबाने बाहेर जाते. थेंब थेंब वाहणारे पाणी उघड्यावर सहज गोठते, मागचे पाणी बॉयलरमध्ये तुंबते आणि बॉयलर स्वतःच्या संरक्षणासाठी बंद होतो.

बॉयलरच्या खालून भिंतीबाहेर जाणारी पांढरी किंवा करडी नळी शोधा. बहुधा कोपराच्या वळणावर किंवा गटाराजवळच्या टोकाशी बर्फ धरलेला असतो. त्यावर झारीने कोमट पाणी ओतत राहा किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी धरा; उकळते पाणी मात्र ओतू नका, सांधे तडकतात. खाली सांडलेल्या पाण्याचा लगेच बर्फ होतो, म्हणून पायवाटेवर मीठ टाका. नंतर एकदाच रीसेट करा. बॉयलरचे झाकण उघडू नका, ते काम गॅस सेफ (ब्रिटनमधील गॅस इंजिनिअरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या इंजिनिअरचेच आहे. डिसेंबर २०१०च्या कडाक्यात आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी माझ्याच किटलीत कोमट केलेले पाणी माझ्याच नळीवर ओतून बिल हातात ठेवले होते, तेव्हापासून हे पक्के लक्षात आहे.

लीड्सहून, दुपारी

काका, अनेक आभार. नळी मागच्या दाराशी, उत्तरेच्या भिंतीवर सापडली. टोकाला करंगळीएवढा बर्फाचा खडा लोंबत होता. तिसऱ्या झारीनंतर आतून काहीतरी सुटल्याचा आवाज आला आणि भसकन पाणी वाहिले. बॉयलर पहिल्याच रीसेटला चालू झाला. नळी बाहेरून जेमतेम २२ मिलिमीटर असून तिच्यावर कसलेही आवरण नाही. आता मंगळवारची वेळ रद्द करावी का?

ब्रॅडफर्डहून, संध्याकाळी

मुळीच रद्द करू नका. उद्या रात्री पुन्हा हेच होईल. तोपर्यंत थर्मोस्टॅट थोडा वर ठेवून बॉयलर रात्रीही चालू राहू द्या. मंगळवारी इंजिनिअरना सांगून बाहेरचा भाग किमान ३२ मिलिमीटरचा करून घ्या, त्यावर पाणी न शिरणारे फोमचे वेष्टण बसवा आणि नळीला मीटरमागे ४५ मिलिमीटर उतार आहे का ते पाहा. शक्य असल्यास नळी घरातच सिंकच्या सांडपाण्याला जोडता येते का, हेही विचारा. तसे झाले तर बाहेर गोठायला काही उरतच नाही.