नामदेवांचं ‘आंधळा-काणा’ पद सप्त्यात म्हणायचं की नाही?

पेटीवाला, हिंगोली
यंदा सप्त्याच्या पाचव्या रात्री हरिजागराला मी नामदेव महाराजांचं एक पद धरणार होतो. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, त्यातलं. अर्थ असा: हिंदू आंधळा, तुर्क काणा, दोघांहून ज्ञानी शहाणा. हिंदू देऊळ पूजतो, मुसलमान मशीद. नामा त्याला भजतो जिथं देऊळही नाही अन् मशीदही नाही.

पहिला सूर लावला अन् म्हाताऱ्या टाळकरी काकांनी पेटीच्या भात्यावर हात ठेवला. “हे नगं, दुसरं घे.” मी घेतलं. पण रात्रभर झोप नाही. नामदेवांचं जन्मगाव म्हणतात ती नर्सी आमच्यापासून तासाभरावर. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथापुढं लोक डोकं टेकतात, त्यात हे पद आहे. अन् नामदेवांच्या मुलखातच ते म्हणायची चोरी?

गोदाकाठ
काकांनी बरोबर केलं. नामदेवांनी म्हटलं तेव्हा त्यामागं त्यांचं आयुष्य होतं. तुम्ही भोंग्यावर म्हणणार. कुणीतरी मोबाईलवर ‘तुर्क काणा’ एवढंच कापून स्टेटसला टाकणार. सकाळी ‘हिंदू आंधळा’ कुणाला ऐकू येणार आहे? पदात खोट नाही, पण गावात भांडण लागलं तर निस्तरणार कोण?

पेटीवाला, हिंगोली
पण आधी फटका आपल्यालाच आहे ना! हिंदूला आंधळा म्हटलंय, त्याला काणा. ‘सगळे देव एकच’ म्हणणारी गोड गाणी आपण रोज म्हणतो, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही अन् सुधरतही नाही. पैठणच्या नाथबाबांचा हिंदू-तुर्क संवाद बघा. दोघं एकमेकांच्या देवाधर्माची तोंडावर उणीदुणी काढतात, काही राखून ठेवत नाहीत. शेवटी नमस्कार करून गळ्यात पडतात. मधलं भांडण गाळलं तर त्या मिठीला काय अर्थ?

जात्यावरची
मी गंगाखेडकडची. माझ्या आजीच्या ओव्यांत एका कडव्यात विठोबा, पुढच्यात पीरबाबा. दळताना गळा भरून यायचा तिचा. आणि त्याच घरात बांगड्या भरायला येणाऱ्या मुसलमान मनियारणीची कपबशी वेगळी होती. ओसरीच्या कोनाड्यात, उपडी, कान तुटलेली. चहा झाला की तिनंच ती विसळून परत ठेवायची. आजी वाईट नव्हती. दोघी तासन्‌तास बोलायच्या. पण इतक्या ओव्या म्हणून ती कपबशी काही कोनाड्यातून हलली नाही. म्हणून गाण्यानं मन मोठं होतं असं कुणी म्हणलं की मला पटत नाही. नामदेवांचं पद जरा टोचतं तरी. टोचणारं म्हणा, माझं मत तेच.

संदर्भप्रेमी
गुरू ग्रंथातल्या हिंदी पदांचे नामदेव आणि मराठी अभंगांचे नामदेव एकच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. ‘आमचे नामदेव’ म्हणण्याआधी तेही ध्यानात असू द्या.

पेटीवाला, हिंगोली
असू द्या. शिकवण तर गावाला लागू आहे.

गोदाकाठ
ताई, कपबशीचं वाचून गप्प झालो. आमच्याकडंही होती. पण पेटीवाले, एक सांगा. तुमच्या मांडवात मुसलमान कुणी असतं का?

पेटीवाला, हिंगोली
असतं की. मांडव घालणारे चाचाच. सातही रात्री जनरेटरपाशी पाटावर बसून सगळं ऐकतात. चाल चुकली तर मान हलवतात, म्हणजे मला कळतं.

गोदाकाठ
मग काकांनी पद थांबवलं ते त्यांना वाईट वाटेल म्हणून, अन् तुम्ही म्हणणार होतात ते त्यांच्या भल्यासाठी म्हणून. त्यांना विचारलं का कुणी?

पेटीवाला, हिंगोली
नाही विचारलं. खरंच नाही सुचलं. शुक्रवारी ते मांडवाचे राहिलेले पैसे न्यायला येणार आहेत. पेटी ओसरीवरच ठेवतो. काकांनाही बोलावतो. आधी अर्थ सांगतो, मग अख्खं पद म्हणतो.