घरावर पवनचक्की: सड्यावरच्या घराला तरी परवडेल का?

कातळकोकणी
गावचं घर देवगड तालुक्यात, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर. एक विक्रेता गच्चीवर एक किलोवॅटची छोटी पवनचक्की बसवून देतो म्हणतोय. "देवगडच्या सड्यावर मोठ्या पवनचक्क्या उगाच उभारल्या का? वारा आहेच," हा त्याचा युक्तिवाद, आणि मला तो पटतो. जूनपासून ऑगस्टपर्यंत पॅनलला ऊन नाही, नैऋत्येचा वारा मात्र उभं राहू देत नाही. लाइटही नेमकी तेव्हाच जाते. सड्यावरच्या माणसाने नुसत्या सोलरवर थांबू नये, असं माझं मत. विरोध असेल तर मांडा.

तारतंत्री
माझा विरोध. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की ऊर्जा आठवा हिस्सा उरते. "एक किलोवॅट" हा आकडा साधारण सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याचा. पावणेदोन-दोन मीटर व्यासाच्या पात्याला वर्षाची सरासरी ३ मीटर मिळाली, तर दिवसाला जेमतेम अर्धा युनिट. ४ मिळाली तर एखादा युनिट. एवढ्यात फ्रिज धड चालत नाही.

मोठ्या चक्क्यांचा दाखला तर बादच. त्यांचा वारा कितीतरी उंचावरचा, तुमची गच्ची आठ मीटरवर.

कातळकोकणी
पण आमच्याकडे सरासरी ३ आहे हे तुम्ही कुठून आणलंत? सड्यावर या एकदा.

तारतंत्री
आणलं नाही, "मिळाली तर" म्हटलंय. तुमची सरासरी तुम्हालाही माहीत नाही आणि विक्रेत्यालाही. भांडण तेवढ्याचंच आहे.

वाई_पल्याड
साताऱ्याकडचा आहे, चाळकेवाडीच्या पठारावर नेहमी जाणं होतं. तिथे चक्क्या आहेत म्हणून खालच्या गावात कौलांवर पंखा फिरेल असं नाही. दरीत उतरलं की वारा पडतो. पण कातळकोकणींचं घर मोकळ्या सड्यावर आहे, त्यामुळे त्यांना सरसकट मोडीत काढू नका. आजूबाजूला काय आहे ते सांगा.

कातळकोकणी
उत्तरेला मोकळा कातळ. नैऋत्येला आंब्याच्या कलमांची बाग, सात-आठ मीटर उंच. पलीकडे दोन-चार माड.

मीनाताई_ठाणे
म्हणजे ज्या दिशेने वारा येतो तिथेच झाडं! इंग्लंडमध्ये वॉरिक विंड ट्रायल्स म्हणून चाचण्या झाल्या, २००९ मध्ये अहवाल आला. इमारतींवरच्या २६ चक्क्या मोजल्या, सरासरी निघाली दिवसाला २१४ वॅट-तास. काहींचं इलेक्ट्रॉनिक्सच चक्कीपेक्षा जास्त वीज खात होतं. आणि तेही वारेवाल्या देशात! छतावर वारा भोवऱ्यासारखा फिरतो, पातं सतत तोंड वळवत बसतं, घरघर भिंतीत उतरते. मी तरी छतावर कधीच बसवणार नाही.

वाई_पल्याड
छताबद्दल १००% सहमत. पाहायचंच तर खांबावर. दीडशे मीटरच्या आतल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या निदान दहा मीटर वर पातं हवं. इथे कलमं नाही, माड धरायचे, म्हणजे पंचवीस मीटरचा खांब आला.

त्याआधी फुकटातली चाचणी: गच्चीवर उंच बांबू रोवून टोकाला आणि मध्यावर लांब फिती बांधा. फीत आडवी, सरळ राहिली तर वारा स्वच्छ. गुंडाळी होऊन खालीवर फडफडली तर तिथे पातं लावू नका. बरं वाटलं तर वेगमापक लावून वर्षभर नोंद. फक्त पावसाळ्यातली नको, ते महिने सगळ्यांचेच चांगले दिसतात.

कातळकोकणी
वर्षभर थांबायचं तर विक्रेत्याची "या महिन्यापुरती" सवलत जाईल :)

तारतंत्री
जाऊ द्या. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, ते छतावरच्या सोलरलाच. चक्कीला त्यातलं काही नाही. वर खाऱ्या हवेत बेअरिंग आणि नटबोल्टची देखभाल. तौक्ते वादळाने मे २०२१ मध्ये किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले, तुमचा खांब काय वेगळा? पावसाळ्यातल्या अंधारासाठी बॅटरी मोठी घ्या.

मीनाताई_ठाणे
बॅटरी भरायला ऊन कुठून आणणार, तारतंत्री? आषाढात चार-चार दिवस आभाळ हटत नाही. तिथे कातळकोकणींचा मुद्दा खराच आहे. पण लाइट आली की बॅटरी ग्रिडवरूनही भरते, त्यासाठी चक्की लागत नाही.

वाई_पल्याड
खांबच उभारणार असाल तर पडला तर कुठे पडेल तेही बघा. उंचीइतकी जागा चहूबाजूंनी मोकळी हवी.

कातळकोकणी
पंचवीस मीटर मोकळी जागा म्हणजे पलीकडची बाग. बाग चुलत्यांची, आणि हद्दीवरून कोर्टात दावा चालू. विक्रेत्याला उद्या नाही कळवतो. फिती मात्र बांधून बघणार.