पोराला बालवाडीत एकच मुलगा रोज ढकलतो, काय करावं?

शहापूरची आई:
नमस्कार, आम्ही बेळगावात शहापूरला राहतो, पोरगा साडेतीन वर्षांचा, जूनपासून जवळच्याच बालवाडीत जातो. पहिले दोन महिने मजेत गेले, आता सकाळी बूट दिसले की पोट दुखतंय म्हणतो, रविवारी मात्र अजिबात दुखत नाही. खोदून विचारलं तर एकाच मुलाचं नाव येतं, घसरगुंडीवरनं ढकलतो, डब्यातली चपाती काढून घेतो, आणि 'नी ब्याड, नी ब्याड' म्हणून खेळातनं हाकलतो. आमच्या घरी कन्नड कुणालाच येत नाही, तू नको असा त्याचा अर्थ आहे हे मला शेजारच्या अक्कांनी सांगितलं तेव्हा कळलं. टीचर म्हणतात लहान आहेत, चालायचंच. ह्यांचं म्हणणं तू पण दोन ठेवून दे. सासूबाई म्हणतात बालवाडीच बदला. मला काय सुचेना झालंय.

निपाणीकर:
त्या पोराच्या आईबापाला सुट्टीच्या वेळी गेटवर गाठा आणि चार लोकांसमोर सुनवा, दुसऱ्या दिवशी बंद होतंय बघा.

अंगणवाडी ताई, खानापूर तालुका:
निपाणीकर, तसं करू नका हो, गेटवर मोठी माणसं भांडली की आत पोरांचं आणखी बिघडतं, मी २० वर्षं हेच बघत आलेय. आमच्याकडे ३ ते ६ वर्षांची पोरं एकत्र असतात, म्हणजे तीनचं बोबडं बोलणारं आणि पावणेसहाचं दांडगं एकाच चटईवर. ह्या वयात ढकलाढकली, चावाचावी होतेच, शब्द अपुरे पडले की हात पुढं जातो, त्या सगळ्याला दादागिरी म्हणू नये. पण तोच मुलगा, तेच पोर, रोज, आणि टीचरची पाठ फिरली की, असं असेल तर मग 'चालायचंच' म्हणून सोडता येत नाही.

पोराला रोज 'आज मारलं का' विचारू नका, ह्या वयाची पोरं आपल्या तोंडाकडं बघून हो म्हणतात. 'डबा खाताना शेजारी कोण बसलं होतं' असं विचारा आणि तारीख घालून वहीत लिहा. आठवड्यात कळतं, भांडण दिवसभर नसतं, ठराविक जागी असतं. आमच्याकडे हात धुवायची रांग, एकच नळ आणि पंचवीस पोरं. मदतनीस ताईला नळाशी उभं केलं, पाच-पाच जण सोडले, निम्मं भांडण तिथंच मिटलं. तुमच्या टीचरना तक्रार म्हणून नको, 'घसरगुंडीपाशी दहा मिनिटं कुणी थांबेल का' एवढंच मागा.

आणि भाषेचं. मराठी पोराला कन्नड गटात 'नको' म्हणता आलं नाही की ते गप्प राहतं किंवा रडतं, आणि दांडग्याला तेच पाहिजे असतं. 'होडीब्याड' एवढा एक शब्द घरी मोठ्यानं म्हणायला शिकवा, म्हणजे मारू नको, हात पुढं करून. टीचरलाही ऐकू जाईल असा. 'तू पण मार' शिकवलं तर पकडला जातो तुमचाच, कारण दुसरा फटका सगळ्यांना दिसतो.

वडगावचा बाबा:
मी दुसऱ्या बाजूचा. आमची पोरगी चावायची, चार वर्षांची असताना, बाकीच्या आया तिला बघून पोरं बाजूला ओढायच्या, आम्ही पण घरी तिला सारखं चावरी म्हणायचो, त्यानं जास्तच वाढलं. टीचर हुशार होत्या, त्यांनी पाहिलं की हे अकराच्या सुमाराला, डब्याच्या आधी होतं. मग साडेदहाला अर्धं केळं सुरू केलं. शिवाय घरी धाकटी नुकतीच आलेली. त्या टीचर आधी ज्याला लागलंय त्याला जवळ घ्यायच्या, आमचीला नंतर, आणि जबरदस्तीनं सॉरी कधी म्हणायला लावलं नाही, ओला रुमाल आणायला पाठवायच्या. तीनेक महिन्यांत थांबलं. तेव्हा त्या पोराला गुंड ठरवू नका प्लीज.

निपाणीकर:
बरं बाबा, गेट कॅन्सल.

शहापूरची आई:
ताई, तुमचं वाचून वही केली. पाचपैकी चार दिवस घसरगुंडीच, आणि ती पण सुट्टीच्या आधीची वेळ, तेव्हा टीचर आत दप्तरं भरत असतात. सोमवारपासून आयाबाई तिथं थांबणार म्हणाल्या. घरी 'होडीब्याड' चालू आहे, काल पोरगा सासूबाईंनाच हात पुढं करून म्हणाला, दूध प्यायला लावत होत्या म्हणून.