बीएस-६ डिझेल सेडान : नॉक्स सेन्सर बदलावेत की आधी तपासणी करावी?

कपाशीवाला (वणी तालुका) :

नमस्कार. माझ्याकडे २०२० सालची, बीएस-६ निकषांची, जर्मन बनावटीची डिझेल सेडान आहे. नागपुरातील एका व्यावसायिकाकडून ती सेकंड हँड घेतली, तेव्हा तिला कसलाही त्रास नव्हता. आता तिचे रोजचे चालणे घर, शेत, जिनिंग आणि तालुक्याचे ठिकाण एवढेच आहे, त्यामुळे एका वेळी सहा-सात किलोमीटरच्या वर ती क्वचितच धावते. गेल्या महिन्यापासून चेक इंजिनचा दिवा लागून राहिला आहे आणि मीटरवर युरियाच्या यंत्रणेचा इशारा येऊन, अमुक किलोमीटरनंतर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही, अशी उलटी मोजणी चालू झाली आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला असता पी२०ईई हा कोड आला. त्यावर त्यांनी पुढचा व मागचा असे दोन्ही नॉक्स सेन्सर बदलण्याचे अंदाजपत्रक हाती ठेवले, आणि तो आकडा यंदाच्या दोन एकर कपाशीलाही झेपणारा नाही. गावाजवळच्या मेकॅनिकचे म्हणणे असे, की प्रोग्राम बदलून सेन्सर आणि युरियाची यंत्रणा कायमची बंद करून टाकावी, पीयूसी तर तरीही निघतेच. शेजाऱ्यांनी आणखी एक तोड सुचवली आहे : घरात युरियाचे पोते आहेच, तो पाण्यात विरघळवून टाकीत भरावा. यांपैकी काहीही करण्यापूर्वी हे सेन्सर नेमके काय मोजतात आणि ते खराब झाले आहेत हे कसे ओळखावे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. नागपूर आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे, त्यामुळे जे घरी तपासता येईल ते आधी सांगावे.

इंजिन-नागपूर :

भाऊ, अंदाजपत्रकाला होकार देण्याची घाई करू नका. पी२०ईई हा सेन्सर बिघडल्याचा कोड नाही. नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे, कमी करण्याचे जे काम धूरमार्गातील एससीआर कॅटॅलिस्टने करायचे ते अपेक्षेइतके होत नाही, एवढेच हा कोड सांगतो. सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष असता तर पी२२०० च्या आसपासचे कोड दिसले असते. सेन्सर खरे बोलत असून आपण त्यालाच बदलायला निघालो आहोत, असा प्रकार आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत वारंवार दिसतो. नवा सेन्सर बसवल्यावर कोड पुसला जातो, काही दिवस दिवा लागत नाही, आणि मग तोच कोड परत येतो.

यंत्रणा अशी आहे. बीएस-४ मध्ये डिझेल मोटारीला प्रति किलोमीटर २५० मिलिग्रॅम नॉक्सची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती ८० मिलिग्रॅमवर आली. हे गाठण्यासाठी मोठ्या डिझेल गाड्यांत धुरावर युरियाचे द्रावण फवारले जाते, गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि कॅटॅलिस्टवर अमोनिया व नॉक्स यांची प्रक्रिया होऊन नायट्रोजन व पाणी उरते. कॅटॅलिस्टच्या आधीचा नॉक्स सेन्सर किती नॉक्स आले ते मोजतो आणि नंतरचा किती उरले ते मोजतो. दोन्हींच्या फरकावरून गाडीचा संगणक कार्यक्षमता काढतो, आणि ती मर्यादेखाली गेली की आपल्याला आला तो कोड येतो.

सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची सिरॅमिक पट्टी असते आणि तिच्यात दोन कक्ष असतात. पहिल्या कक्षात धुरातील मोकळा ऑक्सिजन बाहेर ओढला जातो. दुसऱ्यात नॉक्सचे विघटन होऊन जो ऑक्सिजन सुटतो, त्याच्या विद्युतप्रवाहावरून नॉक्सचे प्रमाण ठरते. हे काम पट्टी कित्येकशे अंशांपर्यंत तापल्यावरच होते, म्हणून तिच्यात हीटर असतो. मात्र थंड सायलेन्सरमध्ये पाण्याचे थेंब साचलेले असताना हीटर पूर्ण तापवला, तर थेंब पडून सिरॅमिक तडकते. त्यामुळे धूरमार्ग कोरडा होईपर्यंत संगणक सेन्सरला पूर्ण तापवतच नाही. आपल्या सहा-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत ही वेळ बहुधा येतच नसेल. सायलेन्सरमध्ये ओल राहते, कॅटॅलिस्ट नीट तापत नाही आणि फवारलेला युरिया नळीतच पांढऱ्या खड्यांच्या रूपाने साचतो. आपल्या गाडीच्या आजाराची एक मुळी येथे आहे, असे मला वाटते.

दुसरी मुळी द्रावणात असू शकते. डीईएफ किंवा अ‍ॅडब्लू म्हणून मिळणाऱ्या या द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षाररहित पाणी असते. आयएसओ २२२४१ या मानकानुसार ते २५ अंशांखाली ठेवले तर सुमारे १८ महिने टिकते, ३० अंशांत १२ महिने आणि ३५ अंशांत जेमतेम ६ महिने. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि रस्त्यालगतच्या दुकानांत हेच कॅन पत्र्याच्या शेडखाली, कधी तर थेट उन्हात रचलेले असतात. त्यामुळे कॅनवरील उत्पादनाची तारीख आणि तो दुकानात कुठे ठेवला होता, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय डीईएफ घेऊ नये.

पोत्यातल्या युरियाचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि त्यात बाययुरेट या नको असलेल्या घटकाचे प्रमाण डीईएफला चालते त्यापेक्षा कितीतरी जास्त असते. त्यात आपल्या विहिरीचे जड पाणी मिसळले, की कॅल्शियम व इतर क्षार कॅटॅलिस्टवर कायमचे बसतात. तो कॅटॅलिस्ट दोन्ही सेन्सरपेक्षा महाग आहे. शिवाय अनुदानित युरिया शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे.

संत्रा-वरूड :

वरील माहितीत एक भर घालतो, कारण ती आमच्या भागात सहज जमण्यासारखी आहे. संत्र्याची गोडी पाहण्यासाठी अनेक बागायतदारांकडे ० ते ३२ ब्रिक्सचे हातातले रिफ्रॅक्टोमीटर असते. त्याच्या काचेवर डीईएफचा एक थेंब टाकला, तर योग्य द्रावणाचे वाचन ३१ ब्रिक्सच्या आसपास यायला हवे. ते ब्रिक्स साखरेचे असले तरी प्रकाशाचे वक्रीभवन मोजण्याचे तत्त्व तेच असल्यामुळे अंदाज चांगला येतो. आधी साध्या पाण्याने यंत्र शून्यावर आणावे, थेंब सावलीत घ्यावा आणि नंतर काच स्वच्छ धुवावी, नाहीतर पुढच्या संत्र्याचे वाचन चुकेल. द्रावणात पाणी मिसळले आहे का, एवढेच या तपासणीतून कळते. क्षारांची भेसळ यात दिसत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

दुसरी गोष्ट उंदरांची. गाडी सरकीच्या ढिगाशेजारी किंवा कुटाराच्या कोठ्याजवळ उभी राहत असेल, तर बॅटरी ते सेन्सर ही संपूर्ण वायरिंग टॉर्च घेऊन पाहावी. नॉक्स सेन्सरला स्वतःचे छोटे कंट्रोल युनिट असते आणि दोघांमधली वायर कारखान्यातच जोडलेली असते. ती कुरतडली गेली, तर जोड देऊन भागत नाही, पूर्ण संच बदलावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका गाडीत सेन्सर ठणठणीत होता, पण त्याच्या कनेक्टरमध्ये उंदराच्या मुताने हिरवा गंज चढलेला होता. कनेक्टर क्लीनरने साफ केल्यावर कोड गेला. आता ती गाडी गोठ्यापासून दूर, उघड्या सिमेंटवर उभी असते आणि रात्री तिचे बॉनेट थोडे उघडे ठेवले जाते, कारण अंधारी आणि उबदार जागा मिळाली नाही तर उंदीर फारसे थांबत नाहीत.

कपाशीवाला (वणी तालुका) :

दोघांचेही आभार. रिफ्रॅक्टोमीटर एका मित्राकडे मिळाले. टाकीतील द्रावणाचे वाचन २६ आले, आणि नागपूरहून आणलेल्या ताज्या, सीलबंद कॅनचे ३१. म्हणजे टाकीत पाणी मिसळलेले आहे, हे उघड झाले. वायरिंग वरवर तरी शाबूत दिसते. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर मागवला आहे. त्यावर कोणती वाचने पाहावीत?

इंजिन-नागपूर :

२६ हे वाचन पुरेसे बोलके आहे. कमी तीव्रतेच्या द्रावणातून अमोनिया कमी मिळतो, नॉक्स पूर्ण घटत नाही आणि मागचा सेन्सर ते इमानेइतबारे कळवतो. टाकी पूर्ण रिकामी करून ताजे द्रावण भरावे. त्यात नुसती वरून भर घातल्याने तीव्रता पुरेशी सुधारत नाही. युरियाच्या इंजेक्टरभोवती पांढरा थर दिसल्यास तो कोमट पाण्याने विरघळतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये.

साध्या ओबीडी स्कॅनरवर नॉक्सचे आकडे बहुतेक वेळा दिसत नाहीत, त्यासाठी त्या ब्रँडचा स्कॅनर लागतो. तरीही घरी तीन गोष्टी पाहता येतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करावे आणि कूलंट, आत येणारी हवा व धूरमार्ग यांचे तापमान वाचावे. ही सगळी वाचने बाहेरच्या हवेइतकी, म्हणजे जवळजवळ सारखीच असायला हवीत, आणि एखादे फटकून असेल तर तो तापमान सेन्सर संशयित समजावा. त्याच अवस्थेत डीपीएफचा, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दाब-फरक शून्याच्या जवळ असावा. तो शून्याला येत नसेल, तर सेन्सरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या आधी पाहाव्यात, कारण त्या उष्णतेने तडकतात किंवा काजळीने तुंबतात आणि दोष मात्र सेन्सरवर जातो. तिसरी गोष्ट इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या मास-फ्लो सेन्सरची. त्याची तार अतिशय नाजूक असते, आणि वणीकडची कोळशाची धूळ व जिनिंगचा कापूस-तंतू लक्षात घेता आपण एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या अंतराच्या आधीच बदलावा. तो सेन्सर साफ करायचा झाल्यास खास त्याच कामाचा स्प्रे वापरावा. कार्बोरेटर क्लीनर किंवा कापसाचा बोळा लावू नये.

नवे द्रावण भरल्यावर कोड पुसून लगेच निष्कर्ष काढू नका. गाडी एकदा वरोरा-नागपूर रस्त्यावर सलग तासभर, फार चढउतार न करता एका वेगाने चालवा. धूरमार्ग तापला म्हणजे युरियाची फवारणी सुरू होते, आणि डीपीएफमधील काजळीसुद्धा सुमारे ६०० अंशांत जळून जाते. त्यानंतर ब्रँडच्या स्कॅनरवर पुढच्या व मागच्या सेन्सरची वाचने शेजारी-शेजारी पाहावीत. मागचे वाचन पुढच्यापेक्षा स्पष्टपणे खाली आले, तर दोन्ही सेन्सर आणि कॅटॅलिस्ट कामाचे आहेत. ते खाली येत नसेल, तरी लगेच सेन्सर बदलू नये. नॉक्स सेन्सर अमोनियालाही प्रतिसाद देतो, त्यामुळे इंजेक्टर गळत असला तरी मागचा आकडा फुगलेला दिसतो.

प्रोग्राम बदलून यंत्रणा बंद करण्याविषयी थोडक्यात सांगतो. डिझेलच्या पीयूसी तपासणीत धुराची घनता पाहतात, नॉक्स मोजत नाहीत, म्हणून मेकॅनिकचे विधान तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलासाठी गाडीच्या मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पुढे गाडी विकताना त्या प्रोग्रामचा माग निघाला की किंमत पडते ती वेगळीच.

मेहकर-पेट्रोल :

माझी सेडान पेट्रोलची आहे, तरी सेन्सर आधी खोटा ठरवण्याची सवय आमच्याकडेही तशीच आहे. पेट्रोलमध्ये कळीचा असतो तो लॅम्डा, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. बॉशने तो १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत प्रथम बसवला आणि तेव्हापासून त्याचे मूळ काम बदललेले नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर मिश्रण घट्ट-पातळ ठरवतो, नंतरचा कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी असल्याचा कोड, आला की लोक मागचा सेन्सर बदलतात. प्रत्यक्षात मॅनिफोल्डच्या जोडातून बाहेरची हवा शिरत असेल, तरी सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. म्हणून थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या जोडांपाशी फुसफुस ऐकू येते का, हे मी सर्वांत आधी पाहतो.

या सेन्सरचे खरे शत्रू सिलिकॉन आणि जळणारे ऑइल हे आहेत. गॅस्केटला लावलेला साधा सिलिकॉन सीलंट, हवेच्या मार्गाजवळ मारलेला सिलिकॉनचा स्प्रे, किंवा इंजिनच्या हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये झिरपणारे कूलंट यांनी त्याच्या टोकावर पांढरट थर बसतो आणि मग तो साफ करून परत येत नाही. पेट्रोलमध्ये बुडवणे किंवा तारेच्या ब्रशने घासणे हे उपाय मुळीच करू नयेत. ई-२० पेट्रोलने सेन्सर खराब होतो, अशी चर्चाही ऐकू येते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे संगणकाला इंधन थोडे जास्त द्यावे लागते आणि ती दुरुस्ती स्कॅनरवर फ्युएल ट्रिमच्या रूपाने दिसते. गाडी ई-२० ला अनुरूप असेल तर त्या वाढलेल्या ट्रिमला सेन्सरचा दोष समजू नये.

इंजिन-नागपूर :

कपाशीवाले भाऊ, या सगळ्या तपासणीनंतरही सेन्सर बदलावाच लागला, तर एकच बदला, जो वाचनातून दोषी ठरला तो. गाडीचा भाग क्रमांक जुळवूनच तो घ्यावा, कारण दिसायला सारखे असणारे नॉक्स सेन्सर आतून वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचे असतात. बसवल्यावर स्कॅनरने जुनी शिकलेली मूल्ये पुसून घ्या आणि हे काम बिलात स्वतंत्र लिहून मागा. इंजिन कोमट असताना सेन्सर सैल होतो. गार असताना जोर लावला तर आटे जातात. नव्या सेन्सरच्या आट्यांवर ग्रीस कारखान्यातूनच लावलेले असते, वरून आणखी लावू नका, ते टोकाला लागले तर सेन्सर पहिल्याच दिवशी बाद होतो.

गाडीची उलटी मोजणी संपण्याआधी टाकी रिकामी करून घ्या. ती शून्यावर गेली, तर इंजिन सुरू होणार नाही आणि नागपूरपर्यंत टोइंगचा खर्च वेगळा होईल.