मदत हवी आहे: बी.कॉम.नंतर अमेरिकेच्या सीपीए परीक्षेची शैक्षणिक पात्रता कशी पूर्ण करावी?

ताळेबंद_सोलापूर: नमस्कार. मी सोलापूरची बी.कॉम. पदवीधर असून टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात हिशेब सांभाळते. सीपीएसाठी, म्हणजे अमेरिकेतील परवानाधारक लेखापाल होण्यासाठी, १२० क्रेडिट (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे एकक) लागतात असे एका शिकवणीवर्गात सांगितले, दुसरीकडे १५० सांगितले, तर तिसरीकडे आधी शुल्क भरा, पात्रतेचे नंतर पाहू, असे उत्तर मिळाले. नक्की किती लागतात हे कृपया लवकर सांगावे, कारण प्रवेशाचा निर्णय याच आठवड्यात घ्यायचा आहे.

खतावणी: दोन्ही आकडे खरे आहेत. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत परीक्षेला बसण्यासाठी १२० आणि परवान्यासाठी १५० क्रेडिट लागतात. आपले एक शैक्षणिक वर्ष सर्वसाधारणपणे ३० क्रेडिटचे धरले जात असल्याने तीन वर्षांची बी.कॉम. ९० वरच थांबते. मात्र आपण राज्य कोणते निवडले आणि पदवीनंतर पुढे काही शिकलात का, हे लिहिलेले नाही.

पेठेतला_वाचक: माझे ऐकाल तर सीए करा. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट पुढच्या इंटरमिजिएट टप्प्याला नोंदणी होते आणि सीए संस्थेची शाखा सोलापुरातच आहे. माझ्या पुतणीने हाच मार्ग धरला.

खतावणी: सीएची योग्यता कोणीच नाकारत नाही, पण त्यात दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, आहे. नोकरी करणाऱ्या मुलीला ते जमेल का, हे तिला न विचारता असा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही.

भीमाकाठ: सीपीए परीक्षेसाठी आता परदेशी जावे लागत नाही. भारतातही केंद्रे आहेत आणि आपल्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडेल.

ताळेबंद_सोलापूर: केंद्राचा प्रश्न नव्हता, तरी आभारी आहे. राज्य निवडावे लागते हे मला कोणीच सांगितले नव्हते. नोकरी सोडणे शक्य नाही. दूरशिक्षणाने एम.कॉम. भाग १ झाला असून भाग २ ची परीक्षा बाकी आहे.

लेखापरीक्षक_पुणे: ताई, हीच माहिती महत्त्वाची होती. एम.कॉम. पूर्ण झाल्यास ९० आणि ६० मिळून १५० होऊ शकतात, परंतु केवळ बेरीज पुरेशी नसते, कारण लेखाशास्त्र आणि व्यवसाय या विषयांची क्रेडिट प्रत्येक राज्य वेगळी मोजते आणि परदेशी पदवीचे अमेरिकी क्रेडिटमध्ये मूल्यांकन करणारी संस्था दूरशिक्षणाची पदवी कशी धरते, यावरही बरेच अवलंबून असते. म्हणून आधी राज्य ठरवा, मग त्या राज्याला मान्य असलेल्या संस्थेकडूनच मूल्यांकन करून घ्या. एका राज्यासाठी घेतलेला अहवाल दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही. गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती विद्यापीठाकडून बंद पाकिटात किंवा थेट पाठवाव्या लागू शकतात, तेव्हा तो अर्ज आताच करा. ओहायोसारख्या राज्यांनी पदवी, परीक्षा आणि दोन वर्षांचा अनुभव असा १५० क्रेडिटविना परवान्याचा मार्गही २०२६ पासून खुला केला आहे, पण तिथेही पदवी अमेरिकी पदवीच्या तोडीची ठरावी लागते.

अहवाल हाती येईपर्यंत कोणत्याही वर्गाचे शुल्क भरू नये, असे मी कळकळीने सांगतो. बी.कॉम. आणि एम.कॉम.ला लेखापरीक्षण, परिव्यय लेखांकन आणि करआकारणी यांपैकी कोणते विषय होते, ते इथे लिहिल्यास लेखाशास्त्राची क्रेडिट कुठे कमी पडतील याचा अंदाज देता येईल.