डोंगरातल्या तळ्यात केमिकल येतं कुठून?

कोथरूडकर: अमेरिकेत रॉकी पर्वतातल्या तळ्यांमधे नर ट्राउट माशांच्या वृषणात अंडपेशी सापडल्यात म्हणे. आपल्या मुठेचं समजू शकतो हो, अख्ख्या शहराचं सांडपाणी तिच्यात, पण तिथे वर ना कारखाना ना शेती?

मुळशीचा_गळ: हवेतून येतं भाऊ. डीडीटी (कीटकनाशक), पीसीबी (कारखान्यांतलं, विजेच्या उपकरणांतलं रसायन) असली केमिकल्स खाली उन्हात उडतात, वर थंडीत बर्फाबरोबर पडतात आणि बर्फ वितळला की थेट तळ्यात. पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत साठतात, मग मादी तोच माल अंड्याच्या बलकात उतरवते आणि पिल्लू सुरुवातीला बलकावरच जगतं. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक ओंटारियोत लेक ट्राउटची पिल्लं डायॉक्सिन नावाच्या विषारी केमिकलमुळे ह्याच टप्प्यावर मरायची, अंगात पाणी साठून.

कोथरूडकर: बापरे. आणि नराचं काय?

पेठेतला_काका: डीडीटीचे काही प्रकार इस्ट्रोजेनसारखे (मादीच्या हार्मोनसारखे) वागतात, त्यामुळे नराचं लिव्हरसुद्धा बलकाचं प्रोटीन बनवायला लागतं. अमेरिकेने 1972 ला शेतीतलं डीडीटी बंद केलं तरी ते अजून फिरतंय. पण लगेच सगळं खापर त्याच्यावर फोडू नका, ट्राउटमधे थोडंफार इंटरसेक्स (एकाच माशात नर-मादी दोन्हीच्या पेशी) नैसर्गिकही असू शकतं, आधी जुने नमुने बघायला लागतात.

मुळशीचा_गळ: काका बरोबर. बलकाचं प्रोटीन नरात सापडलं तर मात्र संशय पक्का.