एजंट एकेकटे तपासले म्हणजे प्रणाली तपासली का?

आडवाट (धागाकर्ती):
'शेवटचा बाक' यांनी परवा लिहिले की मल्टी-एजंट प्रणालीतला (स्वतः निर्णय घेणारे अनेक प्रोग्रॅम, म्हणजे एजंट, जिथे एकत्र काम करतात) प्रत्येक एजंट स्वतंत्रपणे तपासून घ्यावा, मग सगळे एकत्र शंभर वेळा चालवून यशाची सरासरी द्यावी, आणि त्यापलीकडची चाचणी म्हणजे वेळेचा अपव्यय. मला हे अजिबात पटलेले नाही आणि दोन ओळींत उत्तर देणे शक्य नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

या प्रणालींतला दोष पुष्कळदा कोणत्याही एका एजंटात नसतो, तो दोघांच्या मधल्या जागेत असतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी जेड या जावातल्या एजंट-चौकटीत कॉन्ट्रॅक्ट नेट ही कामवाटपाची पद्धत लिहिली होती. एक व्यवस्थापक काम पुकारतो, सात कंत्राटदार बोली लावतात आणि सर्वांत चांगल्या बोलीला काम मिळते. आठही एजंटांच्या युनिट टेस्ट, म्हणजे एकेकट्याच्या चाचण्या, पास होत्या. रात्रीच्या रनमध्ये मात्र अधूनमधून सगळे ठप्प व्हायचे आणि लॉगची शेवटची ओळ दर वेळी तीच असायची: 'अपेक्षित बोली ७, आलेल्या ६'. एखादा कंत्राटदार यादीतून आपले नाव काढून घेत असतानाच व्यवस्थापकाने जुनी यादी वाचलेली असे, आणि उत्तराला मुदत मी घातलेलीच नव्हती. दोष शोधण्यासाठी प्रिंट घातले की तो दिसेनासा व्हायचा, कारण छापण्यात गेलेल्या वेळेने दोघांचा क्रम बदलत असे. यात माझे तीन आठवडे गेले. अडकलेले रन 'टाइमआउट' म्हणून वगळून सरासरी काढली असती, तर आकडा उत्तम दिसला असता.

माझा अनुभव लहान म्हणून सोडून द्या, पण नासाचे डीप स्पेस १ हे यान आठवा. १९९७ मध्ये हॅवलंड आणि सहकाऱ्यांनी यान चालवणाऱ्या रिमोट एजंट या सॉफ्टवेअरच्या एक्झिक्युटिव्हचा, म्हणजे आज्ञा अमलात आणणाऱ्या घटकाचा, एक भाग स्पिन या मॉडेल चेकरने (घटनांचे शक्य ते सगळे क्रम तपासणाऱ्या साधनाने) तपासला आणि समांतर चालणाऱ्या कामांमधले पाच दोष काढले. मे १९९९ मध्ये यान अंतराळात असताना रिमोट एजंट डेडलॉकमध्ये (कामे एकमेकांची वाट पाहत कायमची थांबतात त्यात) अडकला, आयन इंजिन ठरल्या वेळी बंद झाले नाही, आणि तपासाअंती दिसले की दोष त्याच जातीचा आहे, फक्त मॉडेल चेकरने न तपासलेल्या भागातला. नेहमीच्या चाचण्या त्या भागाच्याही झालेल्या होत्या.

शेवटचा बाक:
माझे म्हणणे उद्धृत केलेत, पण अर्धेच. मी लिहिले ते सरावातून शिकलेल्या एजंटांबद्दल, ज्यांचे वर्तन कोणी ओळीओळीने लिहिलेले नसते. २०१९ चा लपाछपीचा प्रयोग घ्या. ओपनएआयच्या त्या एजंटांनी खोक्यावर चढून, ते खोकेच हलवत भिंतीपलीकडे उतरण्याची युक्ती शोधली. अशी युक्ती निघेल हे आधी ओळखून तिची चाचणी कोण लिहिणार होते? ती सापडली ती हजारो खेळ पाहूनच. शिवाय रिमोट एजंट म्हणजे एका यानावरचे नियोजक, एक्झिक्युटिव्ह आणि निदान करणारा असे तीन घटक, त्याला मल्टी-एजंट म्हणणे ओढूनताणून आहे.

तुमच्याच क्षेत्रातले उदाहरण देतो. विनिकॉफ आणि क्रेनफील्ड यांनी २०१४ मध्ये मोजून दाखवले की बीडीआय प्रोग्रॅममधल्या (समज, इच्छा आणि हेतू यांवरून निर्णय घेणाऱ्या एजंटांच्या) सर्व वाटा तपासणे व्यवहारात अशक्य आहे. मग सरासरीखेरीज उरते काय?

जुना जावाकार:
या वादात खरा मुद्दा कोणी मांडतच नाही, आणि तो आहे फॉर लूपचा, म्हणजे ठरलेल्या क्रमाने फिरणाऱ्या आवर्तनाचा. गेली सहा-सात वर्षे प्रकल्प तपासायला येतात त्यांतल्या बहुतेकांत एकच पायथनची फाइल असते आणि तिच्यात प्रत्येक पायरीला एजंट क्रमांक १ पासून एकामागून एक बोलावले जातात. क्रमांक १ ला साधनसामग्री नेहमी आधी मिळते, दोन एजंट एकाच वेळी एका चौकटीत कधी शिरतच नाहीत, आणि विद्यार्थी सांगतो की माझ्या एजंटांना टक्कर टाळता येते. टक्कर त्या लूपने टाळलेली असते! राव यांची एजंटस्पीक ही एजंट लिहिण्याची भाषा १९९६ पासून आहे, तिच्यावर बेतलेले जेसन हे साधन फुकट मिळते, त्यात प्रत्येक एजंटाचे स्वतःचे चक्र असते, आणि तरीही ही पिढी ते उघडून पाहायला तयार नाही.

शेवटचा बाक:
'ही पिढी' या शब्दांना माझा आक्षेप आहे. मी जेसन उघडून पाहिले आहे, त्यात एक सत्र घालवले आहे, आणि त्यावर न्यूरल नेटवर्क बसवताना जो त्रास झाला तो तुम्ही सोसलेला नाही. भाषा बदलल्याने चाचणी होत नाही. वाईट जेसन कोडही मी तुम्हाला हवे तेवढे दाखवू शकतो.

जुना जावाकार:
त्रास झाला असेल, तो नाकारत नाही. पण मी भाषेबद्दल बोललो नाही, क्रमाबद्दल बोललो. तुमच्या पर्यावरणात, म्हणजे एजंट ज्या बनावट जगात चालतात त्यात, एजंटांना बोलावण्याचा क्रम ठरलेला आहे की नाही, एवढेच सांगा.

तिसरा गोलरक्षक:
मध्ये बोलतो, कारण रोबोकप या रोबोट-फुटबॉल स्पर्धेच्या टूडी सिम्युलेशन लीगसाठी (संगणकावरच्या सामन्यांसाठी) मी दोन वर्षे संघ लिहिला आहे. तिथे अकरा खेळाडू म्हणजे अकरा वेगळे प्रोग्रॅम. सर्व्हर दर १०० मिलिसेकंदांना पुढे सरकतो, सामन्याच्या ६,००० चक्रांत कोणासाठी थांबत नाही, आणि तुमचा खेळाडू विचार करत राहिला तर त्याची पाळी गेली. आमचा संघ प्रयोगशाळेच्या नव्या संगणकावर सुरेख पास द्यायचा. स्पर्धेआधी तोच कोड जुन्या यंत्रावर लावला तेव्हा मधल्या फळीचे दोघे चेंडूपाशी उभे राहून एकमेकांची वाट पाहू लागले. दोघांचे निर्णय आपापल्या जागी बरोबर होते, फक्त एकाचे निरीक्षण दोन चक्रे शिळे होते. म्हणून माझे मत जावाकारांच्या जवळचे आहे, मात्र त्यांनी पिढी काढायला नको होती.

आडवाट:
शेवटचा बाक, विनिकॉफ-क्रेनफील्ड यांचा निष्कर्ष मला मान्य आहे, करावाच लागतो. पण तो सर्व वाटांच्या निकषाबद्दल आहे. प्रोग्रॅमच्या प्रत्येक फांदीला निदान एकदा स्पर्श व्हावा एवढाच निकष ठेवला, तर लागणाऱ्या चाचण्यांची संख्या पुष्कळ खाली येते. रिमोट एजंटला मल्टी-एजंट म्हणावे का, यावर मी हट्ट धरणार नाही. एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांमध्ये घटना कोणत्या क्रमाने घडते, यावर तिथला दोष अवलंबून होता, आणि माझा मुद्दा तेवढाच आहे.

आता सरासरीकडे येते. स्मॅक हा स्टारक्राफ्ट या संगणकीय युद्धखेळावरचा बेंचमार्क (एजंटांची तुलना करण्याची ठरलेली चाचणी) २०१९ मध्ये आला आणि तुमच्या क्षेत्रातल्या कित्येक पेपरांनी त्यावरचे विजयाचे आकडे छापले. पुढे त्याची नवी आवृत्ती स्मॅकव्ही२ काढणाऱ्यांनी दाखवले की जुन्या काही प्रसंगांत, समोर काय आहे ते न पाहता फक्त पायरी कितवी आहे एवढ्यावर चालणारे धोरणही (एजंटाने कधी काय करायचे हे ठरवणारा नियम) चक्क सामने जिंकते. म्हणजे एजंट परस्परांकडे पाहून लढत आहेत असे आपण समजत होतो, आणि त्यांना पाहण्याची गरजच नव्हती. शंभर काय, लाख रन घेऊनही त्या सरासरीने हे सांगितले नसते. एजंटांचे डोळे बांधून पाहावे असे कोणालातरी सुचले तेव्हा ते कळले, आणि मी चाचणी म्हणते ती याला.

पाणवठा:
भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या एजंटांचे काम करते, म्हणून एकच भर घालते. बर्कलीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये अशा प्रणालींच्या अपयशाचे १४ प्रकार मांडले आणि त्यांतला एक अख्खा गट एजंटांमधल्या विसंवादाचा आहे. ते प्रकार माणसांनी संभाषणांच्या नोंदी वाचून ठरवले. आमच्याकडेही एक एजंट दुसऱ्याला चुकीची फाइल देतो, दुसऱ्याला ते कळते, तरीही तो विचारत नाही, हे नोंदी वाचल्यावरच दिसले. तो वाचण्याचा वेळ कोणत्याही प्रकल्पाच्या वेळापत्रकात धरलेला नसतो, याचा मला मनापासून राग येतो.

शेवटचा बाक:
स्मॅकचे उदाहरण मला टाळता येत नाही. मी स्वतः त्यावरचे आकडे छापले आहेत.

जावाकारांच्या प्रश्नाचे उत्तर: होय, क्रम ठरलेला होता. काल रात्री माझ्या गोदामाच्या पर्यावरणात प्रत्येक पायरीला आठ एजंटांचा क्रम विस्कटून पाहिला. अरुंद दारापाशी दोघे समोरासमोर येतात, एकाच वेळी मागे सरतात, पुन्हा एकाच वेळी पुढे येतात, आणि रन संपेपर्यंत हेच चालते. जुन्या क्रमात कमी क्रमांकाचा एजंट आधी दारात शिरत असे आणि दुसऱ्याला बाजूला व्हावे लागे. तरीही हा प्रणालीचा दोष आहे असे मी अजून म्हणणार नाही, कारण धोरण ज्या क्रमावर शिकले तो क्रमच मी बदलला आहे. विस्कटलेल्या क्रमावर पहिल्यापासून पुन्हा शिकवतो आहे. त्याला चार दिवस लागतील, आणि दार तेवढेच अरुंद ठेवले आहे.

जुना जावाकार:
पिढीबद्दल लिहिले ते मागे घेतो. पुन्हा शिकवून झाले की दारापाशीचा लॉग इथे टाका, फक्त आकडा नको.